यंत्रावर हात बसतो तेव्हा

आटपाडी म्हटले की सांगली जिल्ह्यातील माणसाच्या डोळ्यांपुढे काही गोष्टी ठरलेल्या क्रमाने उभ्या राहतात. पावसाची वाट पाहणारे माणदेशाचे माळरान, त्या माळावर जिद्दीने वाढवलेल्या डाळिंबाच्या बागा, खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा, सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेले गलाईवाले आणि माडगूळकर बंधू व शंकरराव खरात यांच्यामुळे मराठी साहित्यात कायमची नोंद झालेली ही भूमी. या यादीत सिंथेसायझरचे नाव कोणी घेणार नाही. तथापि आज तालुक्यात लग्नाची वरात असो, गणेशोत्सवातील कार्यक्रम असो, शाळेचे स्नेहसंमेलन असो वा भजनाची स्पर्धा असो, विजेवर चालणारे पट्ट्यांचे एक वाद्य तेथे हमखास दिसते. तरुण मंडळी त्याला ‘कीबोर्ड’ म्हणतात. जुनी माणसे अजूनही ‘कॅसिओ’ म्हणतात, मग त्यावर नाव कोणत्याही कंपनीचे असो.

कार्यक्रमात हे वाद्य तीन-चार तास दिसते. उरलेला सारा काळ ते वादकाच्या घरी असते. गेल्या काही वर्षांत गावोगावच्या वादकांनी घरातील एखादी खोली, माडी किंवा धान्याची जुनी कोठी रिकामी करून तेथे ध्वनिमुद्रणाची सोय केली आहे. भिंतींवर आवाज घुमू नये म्हणून वाकळा टांगलेल्या असतात, मुद्रण चालू असताना पंखा बंद ठेवावा लागतो आणि वीज जाण्याच्या भीतीने इन्व्हर्टरकडे सतत लक्ष असते. अशा खोलीतील सर्वांत महागडी वस्तू म्हणजे हे यंत्र. घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे, कर्ज, कधी दागिना असे बरेच काही त्यात गुंतलेले असते. म्हणून एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. घरात आलेले यंत्र आपले केव्हा होते? पावती हाती पडते तेव्हा, की त्यावर हात बसतो तेव्हा? प्रश्न वरवर साधा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर काही घरांची भाकरी अवलंबून असते.

प्रथम हे यंत्र करते काय, ते पाहू. सतारीत तार कंप पावते, बासरीत हवा, हार्मोनियममध्ये पितळी पत्ती. सिंथेसायझरमध्ये विजेचा प्रवाह कंप पावतो. तो सेकंदाला ४४० वेळा कंप पावला, तर जगभर वाद्ये जुळवताना प्रमाण मानला जाणारा सूर मिळतो. कंपनाचा आकार करवतीच्या दातांसारखा ठेवला तर ध्वनी भरघोस आणि काहीसा खरखरीत होतो; चौकोनी ठेवला तर पोकळ होतो. हा कच्चा माल झाला. पिठातील कोंडा चाळणीने अडवावा, तशी त्यातील नको ती कंपने एका गाळणीने अडवायची. मग ध्वनीला चढ-उतार द्यायचा. तबल्याचा ठोका क्षणात उमटतो आणि विरतो, गजाने वाजणाऱ्या सारंगीचा सूर हळूहळू भरत जातो. हा फरक यंत्राला सांगावा लागतो. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रांत असा सूर घडवत नाहीत. खऱ्या वाद्यांचे सूर एकेक मुद्रित करून यंत्राच्या स्मृतीत साठवलेले असतात आणि पट्टी दाबताच तो साठा वाजतो. आपल्याकडील बहुतेक कीबोर्ड या दुसऱ्या जातीचे. यामाहासारख्या कंपन्यांनी तर खास भारतीय ग्राहकांसाठी तयार सूर आणि ताल भरलेली वाद्ये बाजारात आणली.

घरगुती स्टुडिओ शक्य झाला तो १९८३ मध्ये आलेल्या ‘मिडी’ या पद्धतीमुळे. जपानमधील रोलंड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेतील डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने निरनिराळ्या कंपन्यांनी एक सामाईक भाषा मान्य केली आणि एका कंपनीचे यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलू लागले. मिडीमध्ये आवाज साठवला जात नाही. कोणती पट्टी दाबली, केव्हा दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद होते. जोर मोजण्यासाठी शून्य ते १२७ अशा पायऱ्या असतात. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर ही कीर्द आहे. नोंद चुकली तर ती नंतर दुरुस्त करता येते आणि तीच नोंद बासरीच्या खात्यावरून व्हायोलिनच्या खात्यावरही टाकता येते. एका माणसाने एका खोलीत बसून दहा वादकांचे काम करणे या सोयीमुळे शक्य झाले. दहा वादकांचे काम एकाने केले म्हणजे नऊ जण घरी बसले, ही त्याच व्यवहाराची दुसरी बाजू.

नकली आवाज आणि खरा आवाज हा वाद आपल्याकडे सिंथेसायझर हा शब्द रूढ होण्याआधीच सुरू झाला होता. १९५४ साली ‘नागिन’ चित्रपटातील पुंगीने साऱ्या देशाला वेड लावले. संगीत हेमंतकुमारांचे होते. ती पुंगी प्रत्यक्षात गारुड्याची नव्हती. ‘क्लॅव्हिओलिन’ या विजेवरच्या वाद्यातून ती कल्याणजी वीरजी शहा यांनी काढली होती. फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांनी १९४७ मध्ये बनवलेले हे वाद्य एका वेळी एकच सूर काढू शके. पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीने स्वतंत्र संगीतकार म्हणून नाव मिळवले. त्यांचे वडील कच्छमधून मुंबईस येऊन किराणा मालाचे दुकान चालवीत. दुकानाची उधारी भागवू न शकलेल्या एका संगीतशिक्षकाने पैशांऐवजी या मुलांना शिकवण्या दिल्या, अशी हकीकत सांगितली जाते. त्या शिक्षकाचे ज्ञान बेताचेच होते, असेही त्याच हकीकतीत आहे. बुडीत खात्यात जाणारी उधारी विद्येच्या रूपाने वसूल झाली, असे उदाहरण व्यापारी समाजाच्या स्मृतीत राहील यात नवल नाही. येथे लक्षात घ्यायचे ते इतकेच, की यंत्र परदेशी होते, पण पुंगीचा डौल, तिचे डोलणे आणि घसटत जाणारे सूर त्या बोटांनी आधी ऐकून मुरवलेले होते. यंत्रात पुंगी नव्हतीच. ती वाजवणाऱ्याच्या कानात होती.

अहमदाबादेची गोष्ट याहून वेगळी. तेथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला. १९४६ साली अमेरिकेत जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवणाऱ्या आणि त्यांच्याकडून पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्या गीताबेन सराभाई यांचा या प्रयोगात सहभाग होता. काही भारतीय तरुणांनी त्या यंत्रावर नव्या रचना केल्या, ध्वनिफिती भरल्या, आणि काही वर्षांतच काम थांबले. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून राहिल्या. ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांनी त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या. संस्थेने घेतलेले यंत्र वाजवणारे हात पांगले की मुके होते. घरातील यंत्राचे तसे नसते. त्याच्याशी रोज संध्याकाळी कोणी ना कोणी बसत असते.

घरी बसून यंत्र आपलेसे करण्याचे सर्वांत बोलके भारतीय उदाहरण मुंबईचे चरणजित सिंग यांचे. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि इतर वाद्ये वाजवणारे हे कसलेले वादक. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे मिळवली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही चिमुकली पेटी. टीबी-३०३ खरे तर एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून बनवली होती. तिच्यात सूर भरण्याची पद्धत इतकी किचकट होती की गिऱ्हाइके कंटाळली. १९८४ मध्ये कंपनीने तिचे उत्पादन बंद केले. पण या पेटीत एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय होती. कंपनीच्या लेखी ते गिटारचे अनुकरण होते. रागदारी ऐकलेल्या कानाला त्यात मींड सापडली. चरणजितांनी यंत्रांवर राग बसवले. १९८२ मध्ये एच.एम.व्ही.ने त्यांची दहा रागांची तबकडी काढली. भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे ते दहा राग, आणि खाली नृत्याचा अखंड ठेका.

तबकडी चालली नाही. हिशेबाच्या दृष्टीने तो व्यवहार तोट्याचा ठरला आणि सिंग पुन्हा आपल्या नेहमीच्या कामाला लागले. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात काही तरुणांनी स्वस्तात मिळालेल्या त्याच टीबी-३०३ वर जे संगीत केले, त्यातून ‘ॲसिड हाउस’ नावाचा प्रवाह जगभर पसरला. २००२ साली एका डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी भारतात सापडली, २०१० मध्ये ती नव्याने निघाली, आणि जगाला कळले की मुंबईच्या एका वादकाने असेच काहीसे पाच वर्षे आधी करून ठेवले होते. उतारवयात त्यांना युरोपातील रंगमंचांवर बोलावणी आली. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ही कथा सांगताना लोक त्यांना काळाच्या पुढचे म्हणतात. ते खरेही असेल. पण त्या आधीची घरातली संध्याकाळ अधिक महत्त्वाची आहे. जे यंत्र इतरांनी कंटाळून कपाटात टाकले, त्याची किचकट रीत त्यांनी पुरती शिकून घेतली होती.

मुंबई दूरची वाटेल. पण यंत्र आणि कारागीर यांचा हा हिशेब सांगली जिल्ह्याच्या दाराशीही आहे. मिरजेत पिढ्यानपिढ्या सतारी आणि तानपुरे घडतात. वाळवलेला भोपळा निवडण्यापासून जवारी लावण्यापर्यंतचे काम तेथील घराण्यांच्या हातात आहे, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याच काळात गायकांच्या घराघरांत वेगळाच तानपुरा शिरला. बंगळूरचे अभियंते आणि बासरीवादक जी. राज नारायण यांच्या रॅडेल कंपनीने आधी विजेवरचा तानपुरा आणि नंतर विजेवरचा तबला आणला. नीट पाहिले तर महाराष्ट्रात सर्वाधिक पसरलेला घरगुती सिंथेसायझर हाच. आपण त्याला त्या नावाने ओळखत नाही, एवढेच. पहाटे रियाजाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला तो सोयीचा आहे. तार उतरत नाही, प्रवासात भोपळा फुटत नाही. परंतु तारेखाली दोरा सरकवून जवारी लागते तेव्हा सुरातून सूर कसे उमलतात, हे ज्याने खऱ्या तानपुऱ्यापाशी बसून ऐकले आहे, त्यालाच त्या डबीचा सूर नेमका जुळवता येतो. पहिली ओळख मिरजेच्या भोपळ्याने करून द्यावी लागते.

मिरजेत तानपुऱ्याचे जे झाले, ते आटपाडीत सनईचे झाले. फक्त येथे सनईला मानांकनाचा आधार नव्हता. येथील एका वादकाच्या घरची हकीकत यासाठी सांगण्याजोगी आहे. हा गृहस्थ आज चाळिशीत आहे. शाळेत असताना भजनी मंडळात पेटी वाजवू लागला, पुढे बँजो पार्टीत आणि ऑर्केस्ट्रात गेला. लग्नानंतर काही वर्षांनी त्याने एक चांगला कीबोर्ड घ्यायचे ठरवले. दक्षिणेत गलाईचा व्यवसाय करणाऱ्या मेहुण्याने तेथून एक वापरलेले, पण उत्तम स्थितीतील वाद्य यात्रेला येताना आणून दिले. पैशांसाठी पत्नीच्या पाटल्या बँकेत तारण ठेवाव्या लागल्या. माहेर सोने गाळणाऱ्यांचे, आणि सोने गेले यंत्रात. यावर दोन्ही घरांत बरीच थट्टा झाली. थट्टेत काळजीही होती.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. यंत्रात शेकडो तयार आवाज होते. ‘काळी एक’मध्ये गाणारा गायक आजारी पडून ‘पांढरी चार’वाला आला, तरी एक कळ दाबून सारे गाणे वर-खाली सरकवता येई. वरातीत सनईचा आवाज हवा असेल तर त्याचीही कळ होती. त्यामुळे लग्नघरांनी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड एवढ्यावरच सुपारी द्यायला सुरुवात केली. याआधी हलगी, घुमके आणि कैताळासह सनई घेऊन येणारे एक वृद्ध वादक पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. लोक त्यांना आबा म्हणत. हळूहळू आबांना फक्त देवाच्या पालखीपुरते बोलावणे येऊ लागले. हा बदल कोणी दुष्टपणे घडवला नव्हता. लग्नघराला खर्च वाचवायचा होता, कीबोर्डवाल्याला कर्जाचा हप्ता भरायचा होता. तरीही हिशेब स्पष्ट होता. पाटल्या ज्या मिळकतीतून सुटायच्या होत्या, तिच्यातील काही वाटा आबांच्या फुंकेतून निघालेला होता.

मग २०२० चा मार्च उजाडला. यात्रा बंद, लग्ने बंद, ऑर्केस्ट्रा बंद. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँकांना दिली. हप्ता थांबला, व्याज थांबले नाही. विट्याकडील एका गिऱ्हाइकाने कीबोर्ड निम्म्या किमतीला मागितला. रक्कम घेतली असती तर कर्जाचा मोठा भाग फिटला असता. व्यवहार जवळजवळ ठरला. तेव्हा पत्नी म्हणाली, “अहो, त्यातली निम्मी बटणं तुम्ही अजून दाबलीसुद्धा नाहीत. न वापरलेलं कशाला विकायचं?”

बोलणे साधे होते, पण वर्मी लागले. इतकी वर्षे त्याने वाद्यातील तयार माल तेवढा वाजवला होता. आता कार्यक्रम नसल्याने वेळ होता. यंत्रासोबत आलेली इंग्रजी माहितीपुस्तिका शब्दकोश घेऊन त्याने पानापानाने वाचली. एकेका आवाजाची गाळणी कोठे आहे, त्याचा चढ-उतार कसा बदलतो, हे वहीत मराठीत उतरवून घेतले. त्यातच त्याला बारा स्वरांचे स्वतंत्र जुळवणे सापडले. कीबोर्डवर दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर समान भाग मानतात. षड्जापासून शुद्ध गंधार यंत्रात ४०० भागांवर ठेवलेला असतो, तर तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ भागांवर असतो. म्हणजे यंत्राचा गंधार १४ भागांनी चढा. याच कारणास्तव जाणकार हार्मोनियमवर नाराज होते. आकाशवाणीने १९४० मध्ये त्या पेटीवर घातलेली बंदी सुमारे तीन दशके टिकली. पेटीची पत्ती बैठकीत बसून घासता येत नाही. या यंत्रात मात्र गंधार १४ भागांनी उतरवायला काही क्षण पुरतात. ती सोय त्याच्या घरात कित्येक वर्षे होती आणि त्याला ठाऊक नव्हती.

त्याने कसोटीसाठी ‘गीतरामायण’ निवडले. आटपाडी तालुक्यात त्याहून योग्य निवड कोणती? शेटफळे येथे जन्मलेल्या गदिमांनी रचलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ही ५६ गीते १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर गेली. पेटीवर वाजवून त्याला त्यांच्या चाली पाठ होत्या. आता प्रत्येक गीताचा राग पाहून तो स्वर जुळवू लागला, आणि ऐकणाऱ्या घरच्यांना कारण न कळताही फरक कळू लागला.

२०२१ मध्ये निर्बंध थोडे सैल झाल्यावर त्याने आबांना घरी बोलावले. यंत्रातील सनई त्याला आता खोटी वाटू लागली होती. आबांच्या सनईचे सूर एकेक मुद्रित करून यंत्रात भरावेत, असा त्याचा विचार होता. त्यासाठी वाजवणाऱ्याने प्रत्येक सूर सुटा, मागेपुढे काही न जोडता, आधी हळू आणि मग जोरात वाजवावा लागतो. आबांनी पत्ती ओली केली, एक सूर लावला, थांबले, आणि म्हणाले, “सुटा सूर कसा वाजवू रं लेकरा? मागचा-फुडचा नसला, की सूर पोरका हुतोय.”

दिवसभर खपून त्यांनी सूर दिले. पण मुद्रण ऐकताना कीबोर्डवाल्याला आबांच्या म्हणण्याचा अर्थ कळला. प्रत्येक सूर खरा होता. सनई मात्र त्यांत नव्हती. ती एका सुरातून दुसऱ्यात जाताना घडत होती. फुंकेचा दाब कोठे वाढतो, बोट भोकावरून पूर्ण न उचलता कसे सरकते, श्वास संपत आला की सूर कसा किंचित बसतो, यांपैकी काहीही सुट्या सुरात येत नव्हते. मग त्याने सुटे सूर बाजूला ठेवले आणि आबांना मनसोक्त वाजवू दिले. ते वाजवत होते तोवर तो डाव्या हाताने यंत्रावरील सूर वाकवण्याचे चाक फिरवून त्यांच्यामागून जाण्याचा प्रयत्न करत होता. चार-पाच बैठकांनंतर त्याच्या सनईच्या कळेतून प्रथमच काहीतरी जिवंत निघाले. आबा हसले, “जरा जरा लागतंय,” एवढेच म्हणाले.

येथे कथा सुखान्त करण्याचा मोह होईल, पण तसे घडलेले नाही. आबांच्या वरातीच्या सुपाऱ्या परत आल्या नाहीत. आता त्यांचा दमही पूर्वीसारखा राहिलेला नाही. बदल इतकाच झाला, की त्या खोलीत मुद्रित होणाऱ्या भक्तिगीतांत सनई हवी असेल, तर प्रथम आबांना निरोप जातो. ते येऊ शकले नाहीत तरच यंत्र वाजते. प्रत्येक वेळची बिदागी वहीत वेगळ्या रकान्यात लिहिली जाते. आणि आबांचे सूर यंत्रात ज्या क्रमांकावर साठवले आहेत, तेथे कंपनीने दिलेले नाव पुसून त्यांचे नाव टाकले आहे. गेल्या उत्पन्नाची ही भरपाई नव्हे. मात्र आपण कोणाच्या वाट्यातून मिळवले, याचा विसर पडू नये एवढी व्यवस्था त्यात आहे.

कर्जाचे म्हणाल, तर भजनी मंडळे आणि शाळा यांच्या ध्वनिमुद्रणाची कामे मिळू लागली आणि २०२२ मध्ये पाटल्या सुटल्या. त्याच सुमारास व्यवसायाचा हिशेब मांडताना घसाऱ्याचा विषय निघाला. प्राप्तिकराच्या नियमांनुसार सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर वर्षाला १५ टक्के आणि संगणकावर ४० टक्के घसारा धरतात. एक लाख रुपयांचे यंत्र घेतले, तर पाच वर्षांनी पुस्तकी किंमत सुमारे ४४,३७० रुपये उरते. तेवढ्याच किमतीच्या संगणकाची उरते ७,७७६ रुपये. कायद्यालाही ठाऊक आहे, की संगणक लवकर म्हातारा होतो. संगणकावरील आज्ञावलीत हजारो वाद्ये स्वस्तात मिळतात हे खरे. पण ती दरवर्षी बदलते, नवी मागते. पट्ट्यांचे स्वतंत्र यंत्र आहे तेच राहते, कळ दाबताच वाजते आणि बोटांना त्याच्या जागा पाठ होतात. या पाठांतरावर घसारा धरण्याचा तक्ता अद्याप कोणी केलेला नाही. उलट, वर्षागणिक त्याचे मूल्य वाढते.

तरीही या वादकापुढील चिंता संपलेली नाही. जे त्याच्या कीबोर्डने आबांच्या सनईचे केले, तेच आता मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्ता त्याच्या कीबोर्डचे करू पाहते आहे. शब्द लिहून दिले की चालीसकट गाणे तयार होते, मग मुद्रणाचे पैसे कशाला, असे विचारणारी गिऱ्हाइके आटपाडीतही आली आहेत. त्यांना तो उत्तर देत नाही. गंधार उतरवून एक ओळ वाजवून दाखवतो आणि मग मोबाईलवरचे गाणे ऐकवायला सांगतो. काही गिऱ्हाइके फरक ओळखतात, काही ओळखत नाहीत आणि निघून जातात. निघून जाणाऱ्यांची संख्या उद्या वाढेल, याची त्याला कल्पना आहे.

सुट्टीच्या दिवसांत अनेक पालक त्याच्याकडे येतात. मुलाला कोणता कीबोर्ड घ्यावा, किती रुपयांपर्यंत जावे, नव्यात अजून काय काय आले आहे, असे प्रश्न असतात. मोठ्या शहरांत एकेका हौशी माणसाच्या खोलीत चार-चार, पाच-पाच यंत्रे मांडलेली असतात आणि त्यांतील एकाचीही माहितीपुस्तिका पुरती वाचलेली नसते, हे त्यानेही पाहिले आहे. खरेदीचा आनंद एका दिवसात मिळतो. सरावाला वर्षे लागतात. त्यामुळे तो पालकांना सांगतो, की आधी वर्षभर घरातील जुनी पेटी वाजवू द्या, एकदा मिरजेला नेऊन खरा तानपुरा जुळताना ऐकवा, गावच्या पालखीत सनईच्या जवळ उभे करा. त्यानंतर एकच यंत्र घ्या, जुने असले तरी चालेल. आणि त्यातील प्रत्येक कळेचे काम मुलाला सांगता येईपर्यंत दुसऱ्याचा विचार करू नका. पालकांपैकी निम्मे तरी हे ऐकून दुकानाकडेच जातात. उरलेल्यांची मुले रविवारी सकाळी त्या वाकळा टांगलेल्या खोलीत येऊन बसतात, आणि पहिला तासभर यंत्राची वीज बंदच असते.